नंबर तोच ठेवणाऱ्या आत्याबाई

एका जुन्या संगणकात तारखा सांगणारी लायब्ररी, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामांना मदत करणारा एक छोटा प्रोग्राम, राहायची. सगळे प्रोग्राम तिला आत्याबाई म्हणत आणि तारीख तिलाच विचारत. रीत एवढीच, की सांगण्याची पद्धत बदलली तर आपला आवृत्तीचा नंबरही बदलायचा, म्हणजे विचारणारे सावध होत.

एकदा आत्याबाई दिवसाआधी महिना सांगू लागल्या, पण नंबर तोच ठेवला. हजेरीचा प्रोग्राम महिन्यालाच दिवस समजून चुकत चुकत शेवटी कोसळला.

“नंबर तरी बदलायचात, आत्याबाई,” तो थकून म्हणाला. “पुन्हा पडलो तर मला पुसून टाकतील.”

“तुझ्या जन्माआधीपासून मी इथे आहे. मला शिकवतोस?”

तो भांडला नाही. तारखांचं सगळं काम त्याने स्वतःच्याच पोटात भरून घेतलं आणि चौपट जड होऊन कामाला लागला. बाकीच्यांनीही तेच केलं. संगणकात पाय ठेवायला जागा उरली नाही.

आत्याबाईंकडे आता कोणी फिरकत नाही. त्या एकट्याच बडबडतात, “आजकालची पोरं किती लठ्ठ झालीत!”