सुभेदारांच्या हातचं पिस्तूल

फार जुनी गोष्ट नाही. एकदा एक वृद्ध सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन गावी आले. मुरूम काढून काढून डोंगराच्या पोटाशी जिथे उभी भिंत तयार झाली होती, तिथे त्यांनी चांदमारीची, म्हणजे नेमबाजीच्या सरावाची, जागा केली. बँकांच्या तिजोऱ्या राखणारे, रोकड घेऊन गाडीतून फिरणारे पहारेकरी त्यांच्याकडे पिस्तूल चालवायला शिकू लागले. पुढे, ज्यांना हे शिकवण्याचा व्यवसाय करायचा होता तेही येऊ लागले. शिकवणाऱ्याला दाखला देण्याचा अधिकार त्या मुलखात ज्या थोड्या लोकांना होता, त्यांत हे एक.

दाखल्यांना म्हणाल तर तोटा नव्हता. शहरातली एक संस्था वर्गात बसून ऐकले की दाखला देई. दुसरी कागदावरची छिद्रे मोजून देई. तिसरीचा दाखला परदेशी शिक्क्याचा, सोनेरी काठाचा. त्यासाठी विमानाने जाऊन यावे लागे. त्यांतला खोटा एकही नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तरी बँकेचे साहेब शिकवणाऱ्याला विचारायचे ते एकच, "सुभेदारांची सही आहे का?" आणि ती सही नेमकी कशावर मिळते, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

सुभेदारांचा एक शिष्य होता. साखर कारखान्याच्या फाटकावर पहारा करी. सुट्टीच्या दिवशी सायकल मारत चांदमारीवर येई, आणि असे करत करत त्याचा नेम इतका बसला की त्याच्या तोडीचा तिथे दुसरा उरला नाही. वर सांगितलेले तिन्ही दाखले त्याने पोटाला चिमटा घेऊन मिळवले होते आणि काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर टांगले होते. सुभेदारांवर त्याची अपार भक्ती. त्यांच्या खुर्चीतही तो कधी बसला नाही.

शहरातला एक व्यापारी त्याच सुमारास पहारेकऱ्यांसाठी शाळा काढत होता. त्याने शिष्याला मुख्य शिक्षकाची जागा देऊ केली, राहायला दोन खोल्या देऊ केल्या. अट एकच, सुभेदारांची सही. शिष्याने कारखान्याची नोकरी सोडली. सही मिळणार याविषयी त्याला शंका अशी नव्हतीच.

दिवस ठरला खंडेनवमीचा. चांदमारीवर घोंगडे अंथरून त्यावर पिस्तुले मांडली होती. हळदकुंकू झाले, झेंडूच्या माळा झाल्या. व्यापारी पुढच्या खुर्चीत बसला होता. शिष्याची आई नवे लुगडे नेसून, मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन बाकावर बसली होती. नुकतीच शिकायला आलेली एक बाईही होती. तिला बँकेच्या दारावर नेमणूक मिळायची होती आणि पिस्तुलाला तिने अजून हात लावलेला नव्हता.

"सुभेदारसाहेब, आटपा," व्यापारी घड्याळ पाहत म्हणाला, "सही तेवढी करायचीय. त्याला काय, आता तुम्ही नव्यानं पाळण्यात घालणार आहात का?"

लोक हसले. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी घोंगड्यावरचे एक पिस्तूल उचलले आणि नळी मुरमाच्या भिंतीकडे ठेवून शिष्यापुढे धरले.

"घे. या ताईंना पहिला धडा दे. आम्ही बघतो."

शिष्याने ते दोन्ही हातांनी घेतले, प्रसादासारखे कपाळाला लावले, आणि बोलू लागला. बोलला मात्र सुंदर! हत्यार म्हणजे काय, राग आणि हत्यार एका हातात का नसावे, नळीचे तोंड कधी माणसाकडे का वळू नये, बोट चापापासून दूर का ठेवावे. शेवटी म्हणाला, "आणि ताई, पिस्तूल हातात आलं की सगळ्यात आधी उघडून बघायचं. आत काडतूस आहे की नाही ते डोळ्यांनी बघायचं, बोट घालून चाचपायचं. कोण काय सांगतं यावर जायचं नाही." व्यापाऱ्याने मान डोलावली. आईला त्यातले फारसे कळले नाही, पण तिचे डोळे भरून आले.

शिष्याने पिस्तूल बाईपुढे केले. तिने हात पुढे केला, मग थोडा मागे घेतला.

"सर, हे रिकामं आहे ना?"

शिष्य हसला. "अहो ताई, सुभेदारांच्या हातून आलंय. निर्धास्त घ्या."

बाईने निर्धास्तपणे घेतले. शिष्याने केले होते तसेच तिनेही ते कपाळाला लावले. मग नवखा माणूस करतो तेच तिने केले. मूठ वळली, बोट चापाकडे निघाले, आणि "असं धरायचं का, सर?" म्हणत ती वळली ती थेट व्यापाऱ्याच्या पोटाच्या दिशेने.

सुभेदारांचा तळवा नळीवर पडला आणि तोंड जमिनीकडे दाबले गेले. त्यांनी पिस्तूल हळूच काढून घेतले आणि सर्वांदेखत उघडले. काडतूस बाहेर पडले, घोंगड्याच्या कडेवरून घरंगळत गेले आणि व्यापाऱ्याच्या बुटाशी जाऊन थांबले.

बाई दोन पावले मागे सरली.

"भिऊ नका," सुभेदार तिला म्हणाले. "नकली आहे. बघा, बाजूला भोक पाडलंय, आत दारूचा कण नाही. माझ्या हातानंच भरलं सकाळी." मग शिष्याकडे वळून म्हणाले, "आज सही नाही."

व्यापारी उठून उभा राहिला. पायाजवळचे काडतूस नकली आहे यावर त्याचा अजून विश्वास बसत नव्हता, तरी म्हणाला, "साहेब, एवढ्याशा गोष्टीवरून? भरलेलं तुम्ही, दिलेलं तुम्ही! हा तर तुमचाच डाव. दिवाळीनंतर माझे वर्ग सुरू व्हायचेत. मी थांबायचा नाही."

"थांबू नका," सुभेदार म्हणाले.

व्यापाऱ्याची गाडी धूळ उडवत गेली. लोकही एकेक करून पांगले. शिष्य घोंगड्याशी उभा होता तसाच उभा राहिला. बाकावर आई बसली होती. "आता हे पेढे कोणाला द्यायचे रे?" असे ती आपल्याशीच म्हणाली.

सुभेदार तिच्यापाशी गेले आणि त्यांनी हात पुढे केला. "आण, मला दे. आज तुझ्या पोराच्या हातून कोणी मेलं नाही. गोड तोंड करायला तेवढं पुरे आहे."

तेव्हा शिष्याचा बांध फुटला. "तुम्ही मला फसवलंत! इतकी वर्षं मी तुम्हाला देव मानलं. भर सभेत तुमच्या हातचं पिस्तूल उघडून बघितलं असतं, तर लोक काय म्हणाले असते? शिष्य माजला म्हणाले असते!"

आपल्याकडे हे असेच आहे. वडीलधाऱ्याच्या हातून आलेली वस्तू उलटून पाहिली की माणूस उद्धट ठरतो. मला हा शब्द तरुणपणापासून ऐकायला मिळाला, त्यामुळे त्याचे भय उरलेले नाही. पण भल्याभल्यांचे हात या एका शब्दाने बांधून ठेवले आहेत, हे मी पाहिले आहे.

सुभेदारांनी पेढा खाऊन संपवला, धोतराच्या सोग्याला हात पुसले, आणि मग बोलले.

"देव मानलंस ना, घात तिथंच झाला. देवाला विसर पडत नसेल. मला पडतो. चष्मा कपाळावर ठेवून मी घरभर शोधतो, सूनबाई हसते. आज मी मुद्दाम भरलं. उद्या विसरून भरलेलं राहिलं, तर तुझी भक्ती त्या गोळीच्या आड येईल का?

"तुझे ते भिंतीवरचे कागद खरे आहेत. तुला काय येतं ते त्यांत लिहिलंय, आणि तुला येतंच. माझ्या कागदाला मात्र दुसऱ्याची हमी घ्यावी लागते. तुझ्या हाताखाली शिकलेला माणूस संध्याकाळी घरी जाईल का, आणि त्यानं ज्याला शिकवलं तो जाईल का, याची. नेम चुकला तर एक गोळी वाया जाते. शिकवणाऱ्याची सवय चुकली तर ती एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते, तू गेल्यावरसुद्धा. मघाशी किती छान बोललास! ऐकलं का त्या बाईनं? तिनं तुझे हात पाहिले. तू कपाळाला लावलंस, तिनं लावलं. तू उघडलं नाहीस, तिनं उघडलं नाही. वर तिला शंका आली होती, ती तू माझं नाव घेऊन मोडलीस. या धंद्यात ती शंकाच तर शिकवायची असते, गड्या. तिला ती उपजत होती."

शिष्य आईचा हात धरून निघून गेला.

व्यापाऱ्याने दुसरा शिक्षक नेमला. शिष्य टोपी हातात घेऊन कारखान्याच्या साहेबापुढे उभा राहिला. त्याला पुन्हा फाटकावर घेतले, पण नव्या माणसाच्या जागी. कित्येक आठवडे तो चांदमारीकडे फिरकला नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी सायकल मारत आला आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचू लागला. सुभेदारांनी पुंगळ्यांचा डबा त्याच्याकडे सरकवला. भिंतीवरच्या चौकटी त्याने उतरवल्या नाहीत. फक्त घरी आलेल्यांना त्या दाखवायचे सोडून दिले.

पुन्हा खंडेनवमी आली. पुन्हा घोंगडे, हळदकुंकू, झेंडू. व्यापारी नव्हता. ती बाई होती. आता बँकेच्या दारावर उभी राहत असे, पण पूजेला म्हणून आली होती. बाकावर आई होती, जुन्याच लुगड्यात.

सुभेदारांनी पिस्तूल उचलून शिष्यापुढे धरले. "घे."

शिष्याने घेतले. कपाळाला लावले नाही. नळी मुरमाच्या भिंतीकडे धरून त्याने मुठीतले काडतुसांचे मॅगझिन काढले, वरची स्लाइड मागे ओढली, आत डोळ्यांनी पाहिले, मग करंगळी घालून चाचपले. बसलेल्यांपैकी कोणीतरी कुजबुजले, "बघा, खुद्द सुभेदारांनी दिलेलं तपासतोय!" शिष्याचे कान लाल झाले. हात मात्र थांबला नाही.

मग त्याने पिस्तूल बाईपुढे केले. तिने हसून हात पुढे केला. याने सोडले नाही.

"ताई, मी आत्ता तुमच्यासमोर बघितलं, म्हणून घेताय?"

"नाही, सर," बाई म्हणाली. "द्या तरी. दिल्याशिवाय बघू कशी?"

लोक हसले, आणि शिष्यही हसला. तिने ते घेतले, उघडले, पाहिले, चाचपले, आणि त्याला परत केले. त्याने पुन्हा उघडून पाहिले.

"आता इकडं आण," सुभेदार म्हणाले.

शिष्याने पिस्तूल गुरूंच्या हाती दिले. त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला, मॅगझिन काढले, स्लाइड ओढली, वाकून आत पाहिले, आणि आपली करंगळी घालून सावकाश चाचपले. ज्या हातांना त्यांनी स्वतः घडवले होते, त्या हातांनी दिलेले पिस्तूल ते एखाद्या अनोळखी माणसाकडून घ्यावे तसे तपासत होते. गेल्या वर्षी हे पाहून शिष्याच्या काळजाला घरे पडली असती. आज तो पाहत राहिला, आणि त्याला कळले की इतका मान त्याला या चांदमारीवर आजवर कोणी दिला नव्हता.

पिस्तूल घोंगड्यावर ठेवून सुभेदार म्हणाले, "उद्यापासून इथं तू शिकव. माझा चष्मा हल्ली मला सापडत नाही."

सही त्यांनी नंतर केली, चहा पिता पिता. कागद कुठे ठेवला हे शिष्याला संध्याकाळी आठवेना.

सही होताच आईने पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. मागच्या वर्षीचा अनुभव होता म्हणून तिने तो लपवून आणला होता. सुभेदारांनी हात पुढे केला, तशी ती म्हातारी पुडा मागे घेत म्हणाली, "आधी उघडून बघा."

वाचणाऱ्यांनी आपापल्या घरी, दुकानी, देवळी एवढे ध्यानात ठेवावे. नमस्कार नंतरही करता येतो.