गेल्या उन्हाळ्याचा आवळा

बालमित्रांनो, डोंगराच्या पायथ्याशी एका रानात एक हौशी खार राहत असे. एका उन्हाळ्यात तिथला झरा आटला. उरले डबक्यातले मचूळ पाणी, ते कोणाच्या घशाखाली उतरेना. खारीने हिवाळ्यात आवळे फोडून वाळवून ठेवले होते. तिने ते सगळ्यांना वाटले. आवळ्याची फोड चघळून वर पाणी प्यायले, की तेच पाणी गोड लागे! मग काय विचारता! हत्तीपासून उंदरापर्यंत साऱ्यांची झुंबड उडाली. सिंहाने खूश होऊन तिला वडाची मोठी ढोली बक्षीस दिली. खार पिल्लांसह तिथे राहू लागली.

पुढच्या वर्षी राजाचा कारभारी कोल्हा म्हणाला, "खारूताई, यंदा दुप्पट आवळे वाळवा. महाराजांची आज्ञा आहे." खारीने त्याच झाडाचे आवळे तसेच वाळवून ढीग घातला. पण त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता आणि झरा उन्हाळाभर वाहत राहिला. ढिगाकडे चिटपाखरूही फिरकले नाही. "खारीचा हात बिघडला," कोल्ह्याने कागाळी केली. सिंह गरजला, "गेल्या वर्षीची चव आण, नाहीतर ढोली खाली कर!"

पिल्ले भेदरली. खार मात्र शेपटी ताठ करून म्हणाली, "महाराज, आवळा तोच आहे, पण तुमची तहान ती नाही. झरा आटवणे माझ्या हाती नाही, आणि असते तरी मी तो आटवला नसता! ही घ्या तुमची ढोली." एवढे बोलून ती पिल्लांना घेऊन बाभळीच्या बेचक्यात राहायला गेली. मला तरी तिचे हे वागणे फार आवडले.

कोल्ह्याने ते काम आणि ढोली माकडाला दिली. माकडाने खारीची हुबेहूब नक्कल केली. ढीग तेवढा वाढला.

इकडे ओलीमुळे रानात चिलटांचा सुळसुळाट झाला. खार निर्गुडीचा पाला अंगाला चोळून बघत होती, तोच अंग खाजवत कोल्हा आला. "महाराजांनी बोलावले आहे. हा पाला आवळ्यासारखा गाजेल ना? ढोली परत मिळेल!"

"गाजेल की नाही, मला ठाऊक नाही. नाही गाजला, तर दुसरे काही करून बघेन," खार म्हणाली. "आणि ढोली राहू द्या. तुमचे आवळे ठेवायला जागा लागेल!"

तात्पर्य : वस्तू चांगली असून भागत नाही, तिला तिची वेळ भेटावी लागते, आणि गेलेली वेळ राजाच्या हुकमानेही परत येत नाही.