दहा हजार सात शिपायांच्या ओळी

दहा हजार सात शिपाई मैदानात उन्हात तळत होते आणि त्यांच्या ओळी काही लागत नव्हत्या.

धवलगडच्या राजा चंडप्रतापाचा हुकूम साधा होता. सगळ्या ओळी सारख्या हव्यात. कुणी उरायचा नाही, कुणाला काढायचं नाही, नवा माणूस भरती करायचा नाही. सरलष्करांनी दोन ओळी केल्या, एक उरला. तीन केल्या, दोन उरले. सात केल्या, चार उरले. शेवटी त्यांनी एकच ओळ केली. ती शेजारच्या मुलखाच्या वेशीवर पोचली, आणि तिथला राजा तहाची बोलणी करायला धावत आला.

मैदानाकाठच्या वाड्याच्या गच्चीतून हे पाहणाऱ्या राजाने गणिती नीळभटांना बोलावलं.

"महाराज, ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, यांखेरीज हिला कुणीच निःशेष भागू शकत नाही."

"माझ्या राज्यात राहून माझं ऐकत नाही? अटक करा तिला!"

"कुणाला, महाराज?" सरलष्करांनी अदबीने विचारलं.

राजा आणखी भडकला. "सूर्य मावळायच्या आत ओळी लावा! नाहीतर दोन ओळी करून जो उरेल, त्याचा कडेलोट!"

उरणार होता बयाजी. फौजेत सगळ्यांत शेवटी भरती झालेला. त्याची बायको सगुणा तांबोळीण मैदानाच्या कडेला विडे विकत होती. हुकूम ऐकला आणि तिच्या हातातलं पान गळून पडलं. पण रडायला वेळ नव्हता. ती तडक नीळभटांकडे गेली.

"भटजी, एक माणूस वाढला तर?"

नीळभटांचा चेहरा उजळला. "मग काय विचारतेस! दोनाने जाते, तीनाने जाते, नवाने जाते! बहात्तर ओळी, दर ओळीत एकशे एकोणचाळीस! पण बाई, भरतीला बंदी आहे."

सगुणा गच्चीखाली जाऊन उभी राहिली. "महाराज, ओळी लागतील. पण एक माणूस मोजायचा राहिलाय!"

"अशक्य! नवा माणूस मी घेणार नाही!"

"नवा नाही, जुनाच आहे. महाराज, लढाईत आपण कुठं असता? फौजेत, की गच्चीत?"

दहा हजार सात माना वर झाल्या.

"फौजेत!" राजा गरजला. "सगळ्यांच्या पुढे!"

"मग आपल्याला मोजलं का नाही?"

राजाने सरलष्करांकडे पाहिलं. सरलष्करांनी आभाळाकडे पाहिलं.

"आणि मी ओळीत उभा राहिलो, तर गच्चीतून पाहणार कोण?"

"राणीसाहेब पाहतील की! महाराज फौजेत कसे शोभतात, ते त्यांनी तरी कधी पाहिलंय?"

राजा आधी गालात हसला, मग पोट धरधरून हसला. हसतच जिना उतरला आणि बहात्तराव्या ओळीत, बयाजीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. ओळी चोख लागल्या. तिथूनच त्याने हातातले सोन्याचे तोडे उतरवून सगुणेला दिले, धवलगडच्या दरबाराला विडे पुरवण्याचा मान दिला, आणि सरलष्करांना हळूच म्हणाला, "ऊन फार आहे. आटपा आता!"