उंबरठ्याआतली भाषा

रक्तपेढीच्या डेटाबेसमध्ये चालणारे प्रोग्रॅम कुठल्या भाषेत लिहायचे, यावरून बैठकीत जुंपली. शाल्मलीला डेटाबेसची घरची भाषा हवी होती, तर धारवाडकर साहेबांना पायथन.

"तुझी भाषा डेटाबेसचा उंबरठा ओलांडत नाही. पायथनला सगळीकडे जाता येतं!" साहेब गरजले.

शाल्मलीने डेटाबेसमधूनच पायथनच्या चार ओळी चालवल्या. सर्व्हरवरची साहेबांची खासगी फाइल भिंतीवरच्या पडद्यावर उघडली. ती निघाली कविता.

"सगळीकडे म्हणजे इथेही, साहेब. म्हणूनच मला उंबरठ्याआत राहणारी भाषा हवी."

एकच हशा पिकला. साहेबांनी तिची भाषा मंजूर केली.

नंतर जिन्यात त्यांनी तिला हळूच विचारलं, "कविता एवढी वाईट होती का गं?"

 कवितेची एक ओळही शाल्मलीने वाचली नव्हती.