एकशे बेचाळीस पानांपर्यंत

“मग यातलं खरं कुणाचं धरायचं, सर?”

शलाकाने कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. वाचकांची मतं. इंटरनेटवरून उतरवून घेतलेली, छापून, पिन मारून आणलेली.

तांबोळी सरांनी वरचा कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला, पुन्हा खाली ठेवला.

“ही कोण मंडळी?”

“वाचक.”

“पुस्तक परत करायला आले होते?”

“इंटरनेटवर परत काय करायचं असतं, सर? वाचतात आणि मत लिहितात.”

“असं होय...”

सर गप्प झाले. गप्प होणं ही त्यांची जुनी खोड. हायस्कूलात मराठी शिकवायचे तेव्हाही निबंधाची वही उघडून असेच गप्प व्हायचे आणि समोरच्याला आपली चूक आपोआप दिसायला लागायची. निवृत्त झाल्यावर गावाने वाचनालयाची किल्ली त्यांच्या हाती दिली. त्याला सोळा वर्षं झाली. रोज चार ते सात, ते असेच त्या टेबलामागे.

शलाका चौगुले त्यांची विद्यार्थिनी. कृष्णाकाठच्या याच गावची, पण दहावीनंतर बाहेर पडलेली, आता चेहऱ्यावरून कुणी ओळखणार नाही अशी. आता पुण्यात कॉलेजात शिकवत होती, आणि गेल्या वर्षी तिची पहिली कादंबरी आली होती, ‘नयना फोटो स्टुडिओ’. लहान गावातली प्रेमकथा. वडिलांचा बंद पडत चाललेला स्टुडिओ चालवायला नयना परत येते, तिथे तिला गुरांचा डॉक्टर विश्राम भेटतो. दोघं जवळ येतात. शेवटी नयना हैदराबादची नोकरी धरते आणि जाते. विश्राम एसटी स्टँडवर उभा राहतो.

तो शेवट लोकांना झोंबला होता.

“अर्धे म्हणतात, शेवटासाठीच पुस्तक वाचावं,” शलाका म्हणाली. “अर्धे म्हणतात, शेवटाने माती केली. एकीने लिहिलंय, लेखिकेने कधी प्रेम केलेलं दिसत नाही. दुसरीने लिहिलंय, हे भोगल्याशिवाय लिहिता येणार नाही. एकाच पानाबद्दल, सर.”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटून काय होतंय? दुसरी आवृत्ती निघायची आहे. प्रकाशक म्हणतात, नयना थांबते असं करा. सोमवारी कळवायचंय.” तिने पिशवीवर हात ठेवला. “तोही शेवट लिहून आणलाय. दोन्ही आहेत.”

सरांनी पिशवीकडे पाहिलं. मागितली मात्र नाही.

“तुम्ही वाचलीत ना कादंबरी?”

“दोनदा.”

“मग?”

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चाराला दोन मिनिटं कमी होती.

“माझं बोट दुखतंय आज,” ते म्हणाले. “तारखेचे शिक्के तू मार. बस या खुर्चीत.”

“सर, मी विचारलं काय...”

“बस तर खरी. आणि तुझं नाव कुणाला सांगू नकोस.”

शलाकाला राग आला. पुण्याहून पाच तास गाडीत बसून ती आली होती, आणि आली होती ती एकच वाक्य ऐकायला. ‘लोकांना काय कळतंय, तुझा शेवट बरोबर आहे.’ एवढंच सरांनी म्हणायचं होतं. ते घेऊन ती आल्या पावली परत गेली असती.

ती खुर्चीत बसली.

सर खिडकीजवळच्या बाकावर गेले, आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

पहिला आला तो हुपरीकर. एसटीतला निवृत्त कंडक्टर, सत्तरीचा, ताठ. त्याने ‘नयना फोटो स्टुडिओ’ टेबलावर ठेवली.

“कशी वाटली?” तिने विचारलं. आवाज साधा ठेवला.

“चुका आहेत.”

“कसल्या?”

“हैदराबादला जायला ही बाई सहा दहाची मिरज गाडी धरते. सहा दहाला मिरज गाडी कधीच नव्हती. पाच पन्नास आणि सहा चाळीस. लिहिणाऱ्याने स्टँडवर येऊन विचारायला काय झालं होतं?”

शलाकाने शिक्का उचलला.

“बाकी?”

“बाकी ठीक.” हुपरीकर जायला वळला, आणि थांबला. “तो डॉक्टर गाडी गेल्यावरही उभा राहतो ना, ते मात्र बरोबर आहे. माणसं उभी राहतात. अठ्ठावीस वर्षं मागच्या काचेतून बघत आलोय. गाडी वळली तरी उभी. काय बघत असतात कुणास ठाऊक.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत?”

“विचारणार कसं? मी गाडीत असायचो.”

तो गेला. शलाकाने बाकाकडे पाहिलं. सर वर्तमानपत्राचं पान उलटत होते.

मग कॉलेजातली एक मुलगी आली, तिला दुसरंच पुस्तक हवं होतं. टेबलावरची कादंबरी बघून तीच आपणहून म्हणाली, “ही मी वाचली. मला त्या विश्रामचा इतका राग आला. एकदा तोंडाने ‘थांब’ म्हणाला असता तर काय बिघडलं असतं?”

“म्हणाला असता तर ती थांबली असती?”

मुलीने विचार केला. “नसतीच थांबली,” ती म्हणाली. “पण म्हणायचं की.”

शलाकाला हसू आलं. किती महिन्यांनी, कोण जाणे. कागदांच्या त्या गठ्ठ्यात हेच वाक्य तिने नऊ वेळा तरी वाचलं होतं आणि नऊही वेळा तिचा जीव जळला होता. आता समोर मुलगी होती, दप्तराचा पट्टा सावरणारी, आणि जळत काहीच नव्हतं.

साडेपाच वाजून गेले.

दारात एक बाई आली. पंचावन्नची असेल. पदराने हात पुसत होती, पण कोपरापर्यंत पिठाचा पांढरा थर तसाच होता. भुवयांवरही पीठ.

“सर, आलेय हो.”

“या, मंदाताई,” सर बाकावरूनच म्हणाले. “आज टेबलावर या बाई आहेत.”

कोपऱ्यावरच्या गिरणीच्या मंदाकिनीबाई. त्यांनी टेबलावरची कादंबरी पाहिली आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

“आली का परत? बरं झालं. हुपरीकरांनी तीन आठवडे अडकवून ठेवली होती. माझ्या नावावर लिहा.”

शलाकाने पुस्तकाचं मागचं पान उघडलं. तारखांची चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत भरली होती. तिने नोंदवही पाहिली. एकाच वाचनालयातली एकच प्रत, आणि मंदाकिनी बेडगे हे नाव सात वेळा.

सात वेळा...

इतक्या दिवसांत एवढं मोठं बक्षीस तिला कुणी दिलं नव्हतं.

“फार आवडली का?”

“छे,” मंदाताई म्हणाल्या. “शेवट खोटा आहे.”

शलाकाच्या हातातला शिक्का हातातच राहिला.

“कुठे खोटा वाटला?”

“ते काय मला ठाऊक. मी वाचला नाही.”

“सात वेळा नेलीत तुम्ही.”

“सात वेळा वाचली. एकशे बेचाळीस पानांपर्यंत. पुढं नाही वाचत.”

शलाकाला ते पान पाठ होतं. स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत विश्राम नयनाला विचारतो, ‘माझ्याबरोबर राहशील?’ नयना फोटो धूत असते. मान वर न करता म्हणते, ‘गुरुवारी सांगते.’ तिथे प्रकरण संपतं.

“पुढं काय होतं ते बघावंसं नाही वाटत?”

टेबलावर पिठाची बोटं उमटली होती, ती मंदाताईंनी पदराने पुसली.

“मलाही असंच विचारलं होतं एकानं,” त्या म्हणाल्या. सांगायचं म्हणून सांगितल्यासारखं, सहज. “मी पण म्हणाले होते, गुरुवारी सांगते.”

“मग?”

“मग बुधवारी वडील गेले. गिरणी माझ्या अंगावर आली. धाकट्या दोन बहिणी होत्या.”

“आणि गुरुवार?”

“गुरुवारी दहावं-तेरावं कसं करायचं ते चाललं होतं. मग शुक्रवार आला.”

खिडकीतून सायकलची घंटा ऐकू आली. वर्तमानपत्राचा आवाज थांबला होता.

“ते परत आले नाहीत विचारायला?” शलाकाने हळूच विचारलं.

“आला होता की, मातीला. सगळ्यांबरोबर उभा होता. तिथं कसं विचारणार? आता असतो इचलकरंजीला. सूतगिरणीत होता, निवृत्त झाला. मुलगी दिली त्याची परवा. सुखात आहे.” मग थोडं थांबून, “मी पण आहे. बहिणींचं सगळं नीट झालं.”

शलाकाने पुस्तकाकडे पाहिलं. हे आपणच लिहिलं का, असं तिला वाटलं. गुरुवार तिने सहज घातला होता. बुधवार लिहिला असता तरी चाललं असतं.

“पण शेवट वेगळा असता तर?” ती म्हणाली. आपण हे सरांना विचारायला आलो होतो, तेच आता गिरणीवाल्या बाईंना विचारतो आहोत, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. “समजा, ती त्याच्याबरोबर राहते. गाव सोडत नाही. तसा शेवट असता तर वाचला असतात?”

मंदाताईंनी खरोखर विचार केला. पीठ बारीक दळायचं की जाड, असं कुणी विचारल्यावर करतात तसा.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“का?”

“राहिली काय आणि गेली काय... कळलं की संपलं ना. एकशे बेचाळीसपर्यंत तिनं अजून काही सांगितलेलं नसतं. तो तिथंच उभा असतो.” त्या हसल्या. दात पिठाहून पांढरे दिसले. “तेवढं वाचते, पुस्तक मिटते, आणि स्वयंपाकाला लागते. भाकरी चांगली होते त्या दिवशी. मारा शिक्का, मला उशीर होतोय. ज्वारी ठेवून गेलेत लोक.”

चिठ्ठीवर जागा नव्हती. सर उठले, खणातून कोरी चिठ्ठी काढली, तिच्या मागे बोटाने खळ लावली आणि जुनीच्या वर चिकटवली. पदराला पुसावं तसं बोट धोतराला पुसलं. बोट मुळीच दुखत नव्हतं.

शलाकाने पहिल्या ओळीत शिक्का मारला.

मंदाताईंनी पुस्तक पदराखाली घेतलं. दाराशी गेल्या आणि वळल्या.

“तुम्ही वाचलंय का हो, बाई, हे?”

“हो.”

“शेवटपर्यंत?”

“हो...”

“सांगू नका हं.”

त्या गेल्या. थोड्याच वेळात कोपऱ्यावरून गिरणी सुरू झाल्याचा आवाज आला.

सर समोरच्या खुर्चीत येऊन बसले, विद्यार्थी बसतात त्या बाजूला.

“सर, मी खोटं बोलले,” शलाका म्हणाली. “खरं कुणाचं धरायचं ते विचारायला मी आलेच नव्हते. मी बरोबर आहे असं तुम्ही म्हणावं म्हणून आले होते.”

“ते दारातच कळलं होतं.”

“मग तेव्हाच का नाही म्हणालात?”

“म्हणालो असतो तर तू गेली असतीस.”

तिने पिशवीतून दोन्ही शेवट काढले. एकात नयना जात होती, एकात थांबत होती. दोन्ही तिने मनापासून लिहिले होते, एक रडत आणि एक चिडून. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्यावर दोन्हींत फरक आहे तो फक्त पानांच्या संख्येचा, असं तिला क्षणभर वाटलं.

“आता सांगा,” ती म्हणाली. “यातला कुठला ठेवू ते नका सांगू. ते माझं मी बघेन. पण एवढं सांगा... साडेतीनशे लोकांनी शेवटाबद्दल मत दिलं. ज्या बाईला पुस्तक सगळ्यांत जास्त लागतं, ती शेवट वाचतच नाही. मग तो लिहायचा कुणासाठी?”

सरांनी दोन्ही शेवटांचे गठ्ठे उचलले, कडा ठोकून नीट केले, आणि तिच्या हातात परत दिले.

“तिच्यासाठी. पुढे पानं असतील तरच एकशे बेचाळीसला थांबता येतं.”