चौथ्या झोपेनंतरची भूक

या टेकडीवर आलेला प्रत्येक पाव्हणा एकच विचारतो: भर भादव्यात हे ऐन असे खराट्यासारखे का? चहूकडे रान हिरवंगार, आणि इथे झाडांच्या शेंड्याला तेवढी चार पानं. रोग नाही पडला. अळ्यांनी खाल्लेत आणि आम्ही खाऊ दिलेत. छत्री उघडा जरा. हे टपटप पडतंय तो पाऊस नाही, त्यांच्या लेंड्या आहेत. नाक मुरडू नका, तुमच्या घरचं कोशाचं रेशमी लुगडं इथूनच सुरू होतं.

आम्ही ढिवर. नदीत मासे धरतो आणि पावसाळ्यात ऐनावर कोशाच्या अळ्या चढवतो. अंड्यातून निघते तेव्हा अळी कणीएवढी असते. खाते, वाढते, कात अंगाला तंग झाली की खाणं सोडून निपचित पडते. तिला आम्ही झोप म्हणतो. उठली की कात टाकते आणि पुन्हा पानाला लागते. अशा चार झोपा. चौथी झाली की अळी बोटाएवढी दिसते, आणि नवख्याला वाटतं, भरलं हिचं पोट. खरी भूक तिथून पुढे. जन्मभरात खाते त्यातलं बहुतेक ती त्या शेवटच्या दिवसांत खाते. कारण पुढे कोसा विणायचा असतो, आणि कोशातून निघणाऱ्या पतंगाला खायला तोंडच नसतं. त्याचं उडणं, मादीचं अंडी घालणं, सगळं अळीने आधी खाऊन ठेवलेल्यावर चालतं.

हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डोमाजीला मात्र त्याचा विसर पडला, असे सांगतात. डोमाजी आमच्याच घराण्यातला. मीच सांगून टाकतो. नाहीतर खाली गावात कोणीतरी सांगेलच.

डोमाजी कोसेवाल्यांचा म्होरक्या होता म्हणे. बायको वारलेली, घरात मुलगा झिंगरू आणि सून सायत्रा. अळ्या झाडावर असेपर्यंत राखणदाराने रानातल्या खोपीतच राहायचं, घरी पाऊल टाकायचं नाही, हा आमचा नियम. त्या साली राखणीला झिंगरू गेला. सायत्राला दिवस गेले होते. घरात सासरा आणि सून दोघंच उरली.

कणगीत भात होता. दुष्काळ पडला होता तो डोमाजीच्या नजरेत. सून जेवायला बसली की हा समोर बसायचा आणि तिचे घास मोजायचा. आठवा महिना लागला, तिची भूक वाढली. तेव्हा ओसरीवर शेजारणी बसलेल्या असताना तो म्हणाला, "पोट तं कवाचंच भरलेलं दिसते, बाई. आता आनखी कायले?" शेजारणी हसल्या. सायत्राने ताटातला हात काढून घेतला. त्या दिवसापासून ती चार घासांवर उठू लागली.

त्याच आठवड्यात झिंगरूचा निरोप आला. अळ्या चौथ्या झोपेतून उठल्यात, तिकडची पानं संपलीत, टेकडीवरचे ऐन द्या. टेकडी डोमाजीने पुढच्या पिकासाठी राखली होती. तो म्हणाला, "बोटावानी झाल्या नं? पुरे झालं खानं." अनुभवी माणूस, पण हात आखडायची सवय लागली की ती ताटापुरती राहत नाही.

अळ्यांनी जमतील तसे कोसे विणले. झिंगरू ते घेऊन घरी आला. चांगला कोसा सुपारीसारखा टणक असतो. हे चिमटीत दबत होते. त्याच दिवशी सायत्रा बाळंत झाली. मूल ओंजळीत मावेल एवढं, रडायलाही बळ नसलेलं. तिला दूध उतरलं नाही. तिसऱ्या दिवशी मूल गेलं. सुईण बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "मायच्याच आंगात काई नाई. लेकरू कायनं वाढंन?"

डोमाजी अंगणात सुपातले फुसके कोसे निवडत होता. त्याने हातातल्या कोशाकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि डोक्याचा पटका सोडून तोंडावर घेतला, असे सांगतात. पुराने नेलं असतं, वाघाने नेलं असतं, तर चार माणसांत रडता आलं असतं. आपल्याच जिभेने नातू घालवल्यावर रडायचं कोणापुढे? ही गोष्ट सांगताना माझीही मान वर होत नाही.

गाव जमलं तेव्हा त्याने स्वतःच शिक्षा मागितली. गाव सोडून जातो म्हणाला. सायत्रा बाजेवरून उठून आली होती. ती म्हणाली, "जाऊ नोका, मामाजी. तुमी गेले तं लोक इसरून जातीन. हे टेकडी अळ्याइले द्या. अन् दर साली गावापुढं उभं राहून सांगा, कोनाचा घास मोजला ते."

आजही या टेकडीवर आम्ही अळ्या चढवतो आणि कोसा एकही उतरवत नाही. आजही त्या चौथ्या झोपेतून उठल्या की गाव इथे जमतं. आमच्या घराण्यातला थोरला पुरुष पुढे येतो आणि घरची धाकटी सून त्याला विचारते, "मामाजी, कोनाचा घास मोजला का?" इथे खोटं बोलायचं नाही. माझ्या बापाने, आजाने, कोणीही आजवर 'नाही' म्हटलेलं नाही.

मी तीस वर्षं मास्तरकी केली. वाटलं, हा डाग आपण पुसू. गेल्या सोमवारी इथेच उभा होतो. समोर सून, सहावा महिना लागलेली. तिने विचारलं. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि आदल्या दिवशीचं जेवण आठवलं. तिने दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा मी हसून म्हणालो होतो, "वा, भूक तं चांगलीच लागते!" गंमत केली होती हो, दुसरं काही नाही. पण तिने वाढून घेतलेला भात परत भांड्यात टाकला होता.

सगळं गाव माझ्या तोंडाकडे पाहत होतं. मी म्हणालो, "मोजला."