शेवरीला पैलरान आलं

नदीच्या अलीकडे एक रान होतं आणि पलीकडे दुसरं. अलीकडचं ते ऐलरान, पलीकडचं ते पैलरान. ऐलरानात गवेंद्र नावाचा एक गवा राज्य करायचा. तो रीतसर निवडून आलेला होता. मत कुणाला द्यायचं हे प्रजेला आदल्या दिवशीच घरपोच कळवलं जाई, आयत्या वेळी कुणाचा गोंधळ नको म्हणून. रानात चारा कमी होता, अभिमान मुबलक होता, आणि दोन्हीचं वाटप सरकारच करी.

ऐलरानच्या शाळेत दरवर्षी वनसभा भरे. प्रत्येक पिल्लाला चिठ्ठी टाकून एकेक रान नेमून दिलं जाई. त्याने त्या रानाचा अभ्यास करायचा आणि सभेत उभं राहून तिथल्या राजाच्या तोंडचं भाषण करायचं. याने पिल्लांना जगाचं ज्ञान होतं, असं शिक्षणमंत्री धनेशराव म्हणत. हे जातीचे धनेश पक्षीच. चोच सर्वांत मोठी, म्हणून त्यांना शिक्षण खातं मिळालं होतं.

त्या वर्षी शेवरी नावाच्या शेकरूच्या पोरीला पैलरान आलं. पैलरान म्हणजे शत्रू.

"अभ्यास अगदी मन लावून कर हं," वर्गशिक्षिका घोरपडबाई म्हणाल्या. "फक्त माहिती मिळवायच्या भानगडीत पडू नकोस."

शेवरी हट्टी. ती ग्रंथालयात गेली. तिथे पैलरानावर एकच पुस्तक होतं आणि त्याचं संपादन सरकारी वाळवी मंडळाने केलेलं होतं. पुठ्ठे तेवढे शाबूत होते. मग ती नदीवर गेली. तिथे एक म्हातारं पाणमांजर राहायचं. दोन्ही काठांवर जाणारं तेवढं एकच.

"आजोबा, पलीकडे कसं असतं हो?"

"कसं म्हंजे? हितल्यावानीच की गं. चारा न्हाई, भाषणं मायंदाळ. तिकडची पोरंबी मला हेच इचारत्यात. खरं सांगितलं की दगुड मारत्यात."

शेवरीला एवढं पुरलं. तिथलं सगळं इथल्यासारखंच असेल, तर तिथला राजाही इथल्यासारखंच बोलत असणार. गवेंद्र महाराजांचं राज्यस्थापना दिनाचं भाषण शाळेत रोज सकाळी प्रार्थनेनंतर म्हणायला लावत. तिने ते जसंच्या तसं घेतलं आणि 'ऐल' होतं तिथे 'पैल' केलं. संशोधन इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

सभेला सगळं रान लोटलं. शेवरी उभी राहिली.

"माझ्या प्रिय पैलरानवासीयांनो! आपलं रान जगातलं सर्वांत महान रान आहे. आपली कोठारं रिकामी दिसतात, पण ती रिकामी नाहीत, येणाऱ्या सुबत्तेसाठी मोकळी ठेवलेली आहेत. भूक हा नदीपलीकडून आलेला विचार आहे. जो भूक लागली म्हणेल, त्याचा बोलविता धनी शोधून काढू!"

हे भाषण तिथे बसलेल्या एकूण एकाला तोंडपाठ होतं. म्हणूनच ते आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"अरे चोरा!" एक ससा उठून ओरडला. "कोठारं रिकामी म्हणजे राजानेच खाल्ली की रे!"

"लाज वाटत नाही का याला!" भेकरं खवळली. धनेशराव तर व्यासपीठावर थरथरत उभे राहिले. "मित्रहो, असला राजा आपल्या वाट्याला आला असता, तर आपण त्याला एक दिवस तरी ठेवला असता का?"

"नाही! नाही!" रान दणाणून गेलं. घोरपडबाई तेवढ्या झाडाच्या खोडाला घट्ट चिकटून बसल्या. शत्रूचं अंतरंग उघडं पाडलं म्हणून शेवरीला पहिलं बक्षीस मिळालं.

भाषण महाराजांपर्यंत गेलं. महाराजांची भाषणं दुसरंच कुणी लिहीत असे आणि ती म्हणताना महाराज रवंथ करीत, त्यामुळे त्यांनाही ते नवंच वाटलं. ते संतापले. "असल्या नालायकाच्या शेजारी आम्ही नांदायचं? उद्या स्वारी!"

शेवरीला सत्कारासाठी दरबारात बोलावलं. सैन्य नदी तुडवत जाणार, वाटेत पाणमांजराचं बीळ चिरडणार, हे तिला दिसत होतं. आणि खरं सांगितलं तर काय होईल, तेही दिसत होतं. राजद्रोहाला शिक्षा एकच, शेपूट छाटायचं. शेकरूचं शेपूट काही शोभेचं नसतं. त्याच्याच तोलावर ते या झाडावरून त्या झाडावर झेपावतं. ते गेलं की शेकरू कायमचं जमिनीवर. मागे उभी असलेली तिची आई डोळ्यांनी विनवत होती, गप्प बस, बाई, गप्प बस.

"महाराज," ती म्हणाली, "हे तुमचंच भाषण आहे."

महाराजांनी मान वळवली. "काय हो धनेशराव, आम्ही असं बोलतो?"

धनेशरावांनी चोच पुसली. "महाराज, शब्द तेच आहेत. पण आपल्या तोंडी ते खरे असतात."

महाराजांना फार बरं वाटलं. स्वारी रद्द झाली, कारण पैलरानच्या राजाच्या विचारांत त्यांना आता तथ्य दिसू लागलं होतं. राहिली शेवरी. खरे शब्द खोट्या तोंडात घातल्याचा आरोप तिच्यावर ठेवला गेला आणि त्याच संध्याकाळी तिचं शेपूट छाटलं. बक्षीस मात्र परत घेतलं नाही. सरकार गुणवत्तेची कदर करतं, असं दवंडी पिटून सांगण्यात आलं.

पुढे राज्यस्थापना दिन आला. महाराजांनी भाषण केलं. कोठारं येणाऱ्या सुबत्तेसाठी मोकळी आहेत म्हणाले, भूक नदीपलीकडून येते म्हणाले, आणि सगळं रान उभं राहून टाळ्या पिटू लागलं. शेवरी खाली मातीत बसून सगळ्यांच्या तोंडांकडे पाहत राहिली. एकाच्याही चेहऱ्यावर कसली शंका नव्हती.

आईने तिला कोपराने ढोसलं आणि ती दबक्या आवाजात म्हणाली, "शेपूट गेलं ते गेलं. हात आहेत ना अजून? मग वाजव."